तळ्याचं अस्तर

ही गोष्ट मी आजवर कुणाच्याही कानावर घातलेली नाही. आईच्या नाही, बहिणीच्या नाही. देवापुढे हात जोडले तेव्हासुद्धा तेवढं एक सोडून बाकीचंच बोलत आले. आता लिहून सांगते आहे ते मराठीत, आणि त्यातही माझी लबाडी आहेच. माझ्या मुलांना मराठी बोलता येतं पण वाचताना ती अडखळतात, नातवंडं तर माझ्याशीसुद्धा हिंदीतच बोलतात. म्हणजे घरातलं कुणी हे वाचणार नाही, हे ठाऊक असूनच मी लिहायला बसले. तुम्ही मला ओळखत नाही, तेव्हा तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं — तसं काही होत नाहीये.

कुठून सुरुवात करू? ह्यांच्यापासूनच करते.

'हे' म्हणजे माझे यजमान. नाव घ्यायची सवय नाही, आणि या वयात ती लावून घ्यावी असंही वाटत नाही. ह्यांचे वडील धारच्या दरबारात बांधकाम खात्यात होते, त्यांच्या मागे हे तिथेच लागले. पुढे संस्थान विलीन झालं, दरबारची माणसं सरकारात गेली, आणि काही वर्षांनी ओव्हरसियर म्हणून ह्यांची देवासला बदली झाली. देवास तेव्हा लहान होतं. थोरली पाती, धाकटी पाती हे शब्द अजून लोकांच्या तोंडी होते. रस्त्याची ही बाजू एका राजाची, ती बाजू दुसऱ्या राजाची, असं म्हातारी माणसं सांगायची. टेकडीच्या पायथ्याशी दोन खोल्या आणि पुढे पडवी असं घर आम्हाला मिळालं.

ह्यांना मोजण्याचं वेड होतं. वेडच म्हणायला हवं. लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही मांडूला गेलो. बरोबरची सगळी मंडळी महाल बघत होती, आणि हे उकिडवे बसून तिथल्या जुन्या पाण्याच्या पाटाचा उतार वितींनी मोजत होते. मला जवळ बोलावून म्हणाले, "इतका हलका उतार दिलाय बघ, आपण चाललोय हे पाण्याला कळतसुद्धा नाही." मी सतरा-अठरा वर्षांची होते. मला त्यातलं काही कळलं नाही, पण बोलताना त्यांचा चेहरा कसा झाला होता ते मी बघितलं. या माणसाशी आपलं बरं चालेल, असं मनाशी म्हटलं. आणि चाललंही. हे मुद्दाम सांगते — आमचा संसार वाईट नव्हता. कुणी छळलं म्हणून मी वाईट वागले, असं नाही.

सासूबाईंना आम्ही सगळेच जिजी म्हणायचो. देवासला आल्यावर त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणंही जवळपास गेलंच. हूं-हूं करायच्या, त्यातून मलाच काय ते समजायचं. अंथरुणातच सगळं. मी त्यांचं सगळं केलं, आणि मनापासून केलं. मला आई होती, पण जवळ घेऊन केस विंचरणारी बाई मला भेटली ती जिजीच. लग्न होऊन मी धारला आले तेव्हा मला धड भाकरीही येत नव्हती. त्यांनी एकदाही पाहुण्यांसमोर ते कळू दिलं नाही. जळकी भाकरी स्वतःच्या ताटात वाढून घ्यायच्या.

आता त्या जिजी पडून होत्या, आणि त्यांची पाठ सोलवटली होती. खाली घालायला एक जुनं मेणकापड होतं — आमच्याकडे त्याला मोमजामा म्हणतात. ते वाळून इतकं कडक झालेलं की घडीच्या जागी चिरा पडलेल्या, आणि त्या चिरांच्या कडा त्यांच्या अंगात रुतायच्या. काढून टाकलं तर गादी ओली राहायची. इंदूरहून रबरी चादर आणली, ती उन्हाळ्यात पाघळून चिकटायला लागली; अंगाला चिकटून कातडीच निघाली एकदा. जिजी ओरडल्या नाहीत. डोळे मिटून घेतले फक्त. तुम्ही कुणाची अशी सेवा केली असेल, तर ते मिटलेले डोळे तुम्हाला माहीत असतील.

त्याच उन्हाळ्यात आमच्या घरी तो काळा कागद आला.

कागद म्हणजे प्लास्टिक. तेव्हा आमच्याकडे प्लास्टिक म्हणजे फार तर कंगवा नाहीतर साबणाची डबी. हे वेगळंच होतं — पातळ, मऊ, काळंभोर, आणि त्याच्या लांबच लांब गुंडाळ्या. देवासपासून थोडं लांब, मुरमाड जमिनीवर बरखेडी नावाचं गाव होतं. तिथल्या तळ्यात पाणी ठरत नसे. पावसाळ्यात तुडुंब, आणि दिवाळी झाली की चिखल. सगळं खाली मुरमात मुरून जायचं. बायका पार लांबच्या विहिरीवर जायच्या. वरच्या साहेबांनी ठरवलं की तळ्याचा तळ आणि काठ साफ करून त्यावर हे प्लास्टिक अंथरायचं, वर माती घालायची, आणि पाणी अडतं का ते पाहायचं. आमच्या भागातला तो पहिलाच प्रयोग. काम ह्यांच्याकडे आलं.

मला समजावून सांगताना ह्यांनी माझ्या शिवणातला शब्द वापरला. म्हणाले, "तू पोलक्याला अस्तर लावतेस ना, तसं जमिनीला अस्तर लावायचं. बस एवढंच."

दोन पट्टे एकमेकांवर ठेवून वरून गरम इस्त्री फिरवली की ते जुळून एक होतात. हे आधी घरीच करून पाहिलं. नमुन्याचे चार तुकडे आलेले होते. पडवीत घोंगडी टाकून आम्ही दोघं समोरासमोर बसायचो, मध्ये माझी कोळशाची इस्त्री. मधे वर्तमानपत्र ठेवायचं, नाहीतर प्लास्टिक वितळून इस्त्रीलाच चिकटतं. किती तापवायची, किती वेळ धरायची, हे माझ्या हाताला ह्यांच्याआधी जमलं. किती खूश झाले. दुसऱ्या दिवशी कामावरच्या माणसांना सांगून आले की आमच्या घरून शिकून आलोय. संसारातले फार सुखाचे दिवस कोणते असं कुणी विचारलं, तर मी ते सांगेन — पडवी, वितळल्याचा वास, आणि जोड ओढून बघताना त्यांचं ते "नाही सुटत, बघ."

गुंडाळ्या त्यांनी आमच्याच पडवीत ठेवल्या. सरकारी कोठारात उंदीर होते, कामावर ऊन होतं. कामावरचं कुणीतरी म्हणालं, "भिया," — इकडे भाऊला भिया म्हणतात — "घरी कशाला ठेवता, उगीच जोखीम." हे म्हणाले, "घराइतकी सुरक्षित जागा कुठली?"

मी एकदा विचारलं होतं, हे खरं. जिजींसाठी थोडा तुकडा मिळेल का म्हणून. ते म्हणाले, "मोजून मागवलंय गं. सगळं लागणार आहे. नमुन्याचे तुकडे घे." पण नमुन्याचे तुकडे वीत-दोन वीत रुंदीचे, आणि आम्ही जोड करून करून त्यांची पार चाळण केलेली. मी बरं म्हटलं. त्यांनी जिजींच्या खोलीकडे पाहिलं. मला वाटतं, त्यांनाही ते नाही म्हणणं जड गेलं होतं. आणि मग — मग एके दुपारी ते कामावर गेलेले असताना मी शेवटची गुंडाळी उलगडली आणि कापली.

दोन तुकडे कापले. एक अंथरायला, एक धुऊन वाळत घालायला. पलंगाची लांबी, आणि पुन्हा पलंगाची लांबी. कापताना हात थरथरला वगैरे म्हटलं तर ते खोटं होईल. मी सुईच्या दोऱ्याची रेघ धरून, अगदी सरळ, मिलमधून आल्यासारखी कापली. वाकडी कापली असती तर दिसलं असतं ना. त्यावरून काय ते समजा.

त्या दिवशी जिजींना मी त्या मऊ काळ्या कापडावर, वर धुतलेलं लुगडं घालून निजवलं. त्यांनी डाव्या हाताने चाचपून पाहिलं. बोटांनी चुरगळून पाहिलं. इतके दिवस पडवीत काय चाललंय ते त्या पडल्या पडल्या ऐकत होत्या, ह्यांचं सगळं बोलणं त्यांच्या कानावर जात होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं — आणि त्यांना कळलं. मी पदर नीट करायच्या निमित्ताने मान वळवली.

हे रोज संध्याकाळी आले की आधी आईजवळ बसायचे. त्या संध्याकाळी ते दारात दिसले आणि जिजींनी डाव्या हाताने, कष्टाने, गोधडीची कड ओढून पलंगाच्या काठावर घेतली. काळी कड झाकली. मग रोजच तसं करू लागल्या. ज्या बाईने जन्मात पोराशी लपवाछपवी केली नाही, ती आता माझ्यासाठी करत होती. बोलता येत नसताना. — त्यांची पाठ भरून आली हो. पंधरवड्यात खपल्या धरल्या. हे मी माझी बाजू मांडायला सांगत नाही. झालं ते सांगते.

तुम्हाला वाटत असेल, हीच ती कबुली. सरकारी मालातला तुकडा चोरला. नाही. तेवढंच असतं तर मी केव्हाच सांगून मोकळी झाले असते, आणि हे कदाचित रागावले असते, कदाचित हसलेही असते.

अंथरायचं काम सुरू झालं. तळातले खडे वेचून काढले, बारीक माती पसरली, पट्टे टाकून जोड मारले. कड काठावरच्या चरात पुरायची असते, म्हणजे पाणी वरपर्यंत चढलं तरी अस्तराच्या मागे जात नाही. शेवटचा पट्टा नाल्याच्या तोंडाजवळचा. तो वर चढवत नेला, आणि तो काठापर्यंत पोचेना.

त्या दिवशी हे दिवेलागणीला घरी आले. पाय धुतले नाहीत, आईजवळ गेले नाहीत. पडवीत पायरीवर बसले. मी पाण्याचा तांब्या पुढे केला तो तसाच हातात धरून म्हणाले, "कमी पडलं गं."

मी म्हटलं, "काय?"

"कागद. मी मोजलं होतं. परत परत मोजलं होतं." मग माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "इथे कुणी हात तर लावला नाही ना?"

मी म्हटलं, "घरात मीच तर असते दिवसभर."

बघा, हे खोटं नव्हतं. एकही शब्द खोटा नव्हता. त्यांनी मान हलवली. माझा संशय येणं त्यांना शक्यच नव्हतं. विचारलं ते बाहेरच्या कुणाबद्दल. आणि तो तुकडा — कुठे होता तो? आम्ही बसलो होतो तिथून चार पावलांवर. भिंतीपलीकडे, त्यांच्या आईच्या पाठीखाली. दुसरा मागच्या अंगणात दोरीवर. इस्त्री कोनाड्यात. अजून पाऊस यायचा होता. मी तेव्हा तोंड उघडलं असतं तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जोड मारून ते अस्तर पुरं झालं असतं. तो जोड मी माझ्याच हाताने मारला असता. मला येत होता.

मी गप्प बसले. पण गप्प बसणं, हीसुद्धा ती कबुली नाही.

किती फिरते आहे मी. सांगते.

ते बराच वेळ तसेच बसून राहिले. हिशेब मनाशी घोळवत होते, ओठ हलत होते. मला भीती वाटली की हे असेच विचार करत राहिले तर अखेर घरात येऊन थांबतील. तेव्हा मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि फार मायेने, अगदी जिजी माझ्याशी बोलायच्या तशा आवाजात म्हटलं, "अहो, इतके दिवस उन्हातान्हात, वर घरी जिजींचं हे असं. तुमच्याच मोजण्यात काही राहिलं असेल. होतं माणसाचं."

हे. हे मी केलं.

त्यांनी वर पाहिलं. तुम्हाला कसं सांगू — त्यांना राग आला नाही. त्यांना पटलं. माझा त्यांच्यावर जितका विश्वास होता त्याहून त्यांचा माझ्यावर जास्त होता. मांडूच्या पाटाचा उतार वितींनी मोजणारा माणूस, त्याचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर बदलला. म्हणाले, "असेल. राहिलं असेल काही." आणि पाय धुवायला गेले.

का केलं असं? त्यांची भीती नव्हती. त्यांनी आवाजसुद्धा चढवला नसता. त्यांच्या डोळ्यांतली मी मला फार आवडत होते, एवढंच कारण आहे. घराइतकी सुरक्षित जागा कुठली, असं ज्या घराबद्दल ते म्हणाले होते, ते घर मीच होते ना. तो मान मला सोडवला नाही. त्यासाठी त्यांचा मान गेला तरी चालेल, असं मी ठरवलं. ठरवलं म्हणते; तेव्हा शब्दात काही ठरवलं नव्हतं. पण केलं तेच.

नवा कागद मुंबईहून यायला वेळ लागला असता, आणि ढग दिसायला लागले होते. ह्यांनी नाल्याच्या बाजूला अस्तर जेवढं पोचलं तेवढं नेलं आणि वरच्या उघड्या पट्ट्यात काळी माती चोपून भरली. वर कळवलंही, की इथे कमी आहे. साहेब म्हणाले, बघू, प्रयोगच आहे.

तळं भरलं. पाऊस ओसरला तरी पाणी हललं नाही. बरखेडीची केसरबाई आमच्याकडे दूध घालायची. उंच, हसरी, माझ्याच वयाची. तिने एक दिवस दुधाबरोबर भुईमुगाच्या ओल्या शेंगांचा ओचा माझ्यापुढे ओतला आणि म्हणाली, "बई, अबे म्हारी छोरी के दूर नी जाणो पड़े." माझ्या पोरीला आता लांब जावं लागणार नाही. "ओवरसियर साब से के दीजो." मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी ते माझ्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं, मालवीत, जसंच्या तसं. त्या संध्याकाळी जिजींना शेंगा सोलून आपल्या हाताने भरवल्या त्यांनी. मला वाटलं, सुटले. निभावून गेलं.

परतीच्या पावसाने एक मोठी सर दिली. तळं काठोकाठ आलं, आणि पाणी त्या मातीच्या पट्ट्यातून अस्तराच्या मागे शिरलं. मागची जमीन फुगली, काठ घसरला, आणि खाली जाताना अस्तर फाडत गेला. आठवड्याभरात तळ दिसू लागला. काळा चिंध्या झालेला कागद, आणि त्यात अडकलेले बेडूक. ह्यांनी मला यातलं काही सांगितलं नाही, मीच पाहून आले. केसरबाईबरोबर गेले होते. तिने काठावर उभं राहून पदर डोक्यावर ओढून घेतला आणि एकच म्हटलं, "अब कंई करां, बई." आता काय करायचं. मला विचारत होती ती.

त्यानंतर केसरबाईचं दूध उशिरा यायला लागलं. आधी पाणी आणायला जावं लागे ना. आणि तिची पोरगी पुन्हा डोक्यावर घडा घेऊन जाताना मला एक-दोनदा रस्त्यात दिसली. मला पाहून हसली. मी त्यानंतर दुपारी घराबाहेर पडणंच टाळलं.

साहेब चौकशीला आले. प्लास्टिक वाईट, जोड वाईट, जमीन वाईट — ह्यांना बोट दाखवायला पुष्कळ जागा होत्या. त्यांच्या हाताखालच्या माणसाने सांगितलं, भिया, कंपनीनेच कमी पाठवलं म्हणा, कोण बघायला गेलंय. हे साहेबांना म्हणाले, "नाही. माप माझं चुकलं." कुणी विचारलं नव्हतं तरी म्हणाले. इतका सरळ माणूस — आणि त्याने ते सरळपणाने सांगितलं, जे मी त्याच्या कानात घातलं होतं.

आणखी काही गावांत तशीच तळी करायचं चाललं होतं, ते बंद झालं. प्लास्टिक आपल्या जमिनीला मानवत नाही, असं ठरलं. म्हणजे बघा, एका बरखेडीवर भागलं नाही. कुठल्या कुठल्या गावच्या पोरी माझ्यामुळे लांब गेल्या, ते मला माहीतसुद्धा नाही.

त्या थंडीत जिजी गेल्या. शेवटी दोन दिवस शुद्ध नव्हती. त्याआधी एका सकाळी ह्यांना उशाशी बसवून त्यांनी डाव्या हाताने माझा हात धरला आणि ह्यांच्या हातावर आणून ठेवला. हूं-हूं करून काही सांगत होत्या. हे म्हणाले, "सांभाळीन हो, जिजी, तिला नीट सांभाळीन." त्या मान हलवत राहिल्या. ते नव्हतं त्यांना म्हणायचं. मला काय ते कळत होतं — त्या मला 'त्याला सांगून टाक' म्हणत होत्या. त्यांचं बोलणं समजणारी घरात मी एकटी. मी म्हटलं, "जिजींना पाणी हवंय." आणि उठून पाणी आणायला गेले.

दिवसवार झाल्यावर ते दोन काळे तुकडे मी मागच्या अंगणात जाळले. फार घाण वास सुटला. ह्यांनी आतून विचारलं, "कसला वास?" मी म्हटलं, "जिजींचं अंथरूण जाळतेय." ते बाहेर आले आणि माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांना वाटलं मी धुराने नाही, दुःखाने रडते आहे. माझ्या डोक्यावर हात ठेवला. दुःख होतंच हो. पण ज्या वासाने आम्हाला पडवीत इतकं हसवलं होतं तो त्यांना ओळखू कसा आला नाही, हे मला अजून कळलेलं नाही. की आला होता? नाही. आला असता तर पुढचं ते बोलले नसते.

ह्यांना धारकडच्या अमझेऱ्याला रस्त्यांच्या कामावर पाठवलं. खडी, मुरूम, रोलर. पाण्याचं काम त्यांना पुन्हा कधी मिळालं नाही, त्यांनी मागितलंही नाही. आणि मोजणं सुटलं. म्हणजे नोकरीत मोजावं लागायचं, पण फीत दुसऱ्याच्या हातात द्यायचे, आकडा दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे. घरी मी पडद्याचं कापड आणलं तर म्हणायचे, "तूच बघ, मला नको विचारू." हसतच म्हणायचे. त्यात कडवटपणा असता तर मला सोसलं असतं.

अमझेऱ्याला एकदा मी सांगायचं ठरवलं. अंबिकेच्या देवळाच्या पायऱ्यांवर आम्ही दोघं बसलो होतो, मुलं खाली कुंडापाशी खेळत होती. मी सुरुवातही केली — "अहो, त्या तळ्याचं..." त्यांनी माझा हात हलकेच दाबला आणि म्हणाले, "राहू दे ना." इतक्या मऊपणे म्हणाले. मी राहू दिलं. त्यांनी राहू दे म्हटलं ते त्यांच्या दुःखाला, आणि मी ते माझ्या पापाला लावून घेतलं. त्यानंतर कितीतरी संध्याकाळी तशा येऊन गेल्या. एकीलाही मी हात घातला नाही.

ते निवृत्त झाल्यावर आम्ही धारला परतलो. तिथंच ते आजारी पडले. फार दिवस उरले नव्हते, हे त्यांना कळलं होतं, मलाही. मी त्यांचंही सगळं केलं. एका सकाळी पाठ पुसून झाल्यावर, कुशीवर असतानाच ते बोलायला लागले. तोंड भिंतीकडे होतं, मला चेहरा दिसत नव्हता.

"तुला एक सांगायचं राहिलंय," म्हणाले. "बरखेडीचं काम माझ्या हातून बिघडलं. इतकी वर्षं झाली, पण तू कधी एका शब्दाने बोलली नाहीस. लोक बोलले, ऑफिसात बोलले. मुलं मोठी झाली, त्यांच्यासमोर तू एकदा जरी तो विषय काढला असतास ना, तर मला फार लागलं असतं. तू कधी काढला नाहीस. ते मी विसरलो नाही."

माझ्या हातात ओला पंचा होता. खोलीत आमच्या दोघांशिवाय कुणी नव्हतं. ते थांबले होते, मी काही म्हणेन म्हणून.

मी त्यांना सरळ निजवलं, पांघरूण गळ्यापर्यंत घेतलं, आणि म्हटलं, "त्यात काय एवढं."